नव्या गाडीत बसलेले मास्तर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आपले ठाणेदारसाहेब, शेजारी बसलेल्या वहिनीसाहेब, आणि मागच्या भिंतीपर्यंत दाटीवाटीने बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

“तरुणांच्या वतीने दोन शब्द बोल,” असं मला साहेबांनीच सांगितलं. पुलाच्या या बाजूला तरुण आता मोजकेच उरलेत, तेव्हा निवड अवघड गेली नसावी. मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. मुद्देसूद बोलायला बहुधा तिसऱ्या वर्षाला शिकवतात. सांभाळून घ्या.

साहेबांचा पहिला गुण म्हणजे माणुसकी. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण आपल्याकडे मोर्चाला एक रीत होती. सकाळी घोषणा व्हायच्या, चौकात आपण रस्ता अडवायचो, मग साहेब घड्याळाकडे बघून म्हणायचे, “चला, आता अटक व्हा.” आपण आपल्या पायांनी गाडीत चढायचो. गाड्या शाळेच्या मैदानावर जायच्या. तिथे चहा, आणि संध्याकाळी सुटका. म्हाताऱ्या बायका विणकाम बरोबर घ्यायच्या. गाडीतले बाक टोचतात म्हणून आमच्या शिंपीमास्तरांनी पोलिसांच्या गाड्यांना गाद्या शिवून दिल्या होत्या. सरकारवर चिडलेला माणूस सरकारी बाकाला गादी शिवतो, हे दुसरीकडे कुठे पाहिलंय तुम्ही?

वीजदर दुप्पट झाला आणि गल्लीतली शिलाईची मशिनं थांबली. मोर्चा निघाला. पुढे मास्तर, त्यांच्या मागे त्यांची मुलगी, आणि तिच्या मागे मी. माझं वीजदराशी काय देणंघेणं होतं ते सभागृहाला माहीत आहे. हसू नका. मी घोषणा द्यायला लागलो की ती म्हणायची, “घसा जपून ठेव. बाबांपुढे मागणी घालताना लागेल.”

“मग घालू का आज?”

“आधी कॉलेज पुरं कर. बाबा अर्धवट शिवलेलं गिऱ्हाइकाला देत नाहीत.”

त्या दिवशी चौकात तीन गाड्या आल्या. दोन नेहमीच्या, तिसरी कोरी करकरीत. साहेब स्वतः मास्तरांजवळ आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मास्तर, तुम्ही नव्या गाडीत बसा. ऐसपैस आहे.” मास्तर खूश. म्हणाले, “बघू तरी, सरकारी शिलाई कशी असते.” मग त्या गाडीसाठी रेटारेटी झाली. मला जागा मिळाली नाही म्हणून मी हवालदाराशी भांडलो, अध्यक्ष महोदय. अटक व्हायला भांडलो. तिलाही वडिलांजवळ बसायचं होतं. हवालदाराने दार लावून घेतलं.

मैदानावर दोनच गाड्या पोचल्या. तिसरी वाटेत पंक्चर झाली असेल, असं आम्हीच एकमेकांना सांगितलं. तिने वडिलांचा चहा झाकून ठेवला. संध्याकाळी साहेबांना गाठलं तर म्हणाले, “वरून आदेश होते. उद्या बघू.” तो उद्या अजून उजाडायचा आहे.

मला राजकारण कळत नाही. पण आत्ताच प्रमुख पाहुण्यांनी कळवळून विचारलं की या शांत लोकांच्या हातात बंदुका दिल्या कुणी, म्हणून सांगतो. पुढच्या मोर्चात साहेब नेहमीसारखं म्हणाले, “चला, अटक व्हा.” कुणी हललं नाही. गाड्या दारं उघडून उभ्या, आणि लोक रस्त्यावर बसलेले. लाठ्या चालल्या, तरी लोक चढेनात, कारण लाठी खाल्लेला माणूस निदान घरी जातो. मग गोळी चालली. बेकरीवाल्याचा धाकटा गेला. त्याच्या थोरल्या भावाने दुसऱ्या दिवशी चौकी पेटवली आणि आतल्या बंदुका नेल्या. मग फौज आली, घराघरांतून पोरं उचलू लागली, आणि जी हाती लागली नाहीत ती पुलापलीकडे जमली. आज पुलाच्या दोन्ही टोकांना वाळूची पोती आहेत. अलीकडे मामा, पलीकडे भाचा, आणि दोघं एकमेकांच्या नेमात. रेडिओ त्याला बंड म्हणतो. मोर्चा संध्याकाळी संपतो, हे ठाऊक असलेली माणसं होती ही. ती संध्याकाळच तुम्ही काढून घेतलीत, मग त्यांनी करायचं काय होतं?

परक्या अधिकाऱ्याने नेलं असतं, तर मास्तर त्या गाडीत चढलेच नसते. आपल्या माणसाने खांद्यावर हात ठेवला, म्हणून चढले.

मास्तरांची मुलगी पलीकडे आहे. यात गुपित काही नाही. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला.

“साहेब चाललेत म्हणे.”

“हो, सत्कार आहे. मला बोलायला सांगितलंय.”

“बोल की. तुला काय, माईक दिसला की तू जेवण विसरतोस.” मग म्हणाली, “त्यांना विचार, बाबांची गाडी कुठे नेली. बाबा असोत, नसोत. जागा सांगू देत. त्याच दिवशी बंदूक खाली ठेवून घरी येते.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर तू इकडे ये. तिथे नुसता झुरत बसू नकोस.”

अध्यक्ष महोदयांनी घंटी वाजवली, ती मी ऐकली. आवरतो.

साहेब, उद्या तुम्ही बढतीवर राजधानीला जाल. नवे साहेब येतील, ते म्हणतील, मला काही माहीत नाही, आणि ते खरंही असेल. न्याय, चौकशी हे शब्द मोठ्या लोकांचे. मला फक्त एका जागेचं नाव हवं आहे. आज दुपारी मी पूल ओलांडणार आहे. नाव मिळालं तर तिला घेऊन येईन. नाही मिळालं, तर ती जे हातात देईल ते घेईन. तिला नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आयोजकांनी मला उभं केलं, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, खुर्च्या लावणाऱ्यांपासून माईकवाल्यापर्यंत सगळ्यांचा मी ऋणी आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल, बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर माझ्या वयाकडे पाहून पोटात घाला.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे आता सत्काराला उत्तर द्यायला साहेब उठतील. मी खाली बसत नाही. दाराशी उभा राहून ऐकतो.