गाडी चुकलेला सॅक्सोफोन

मला अबोल म्हणता ना, मग हे ऐकाच. आमच्या पेणच्या घरात खाली गणपतीचा कारखाना आणि वर आमची खोली. लग्नाला चार महिने झाले, तरी सासरी 'हो' आणि 'वाढू का' यापलीकडे मी बोलले नव्हते. माझी मतं सगळी मैत्रिणीला, व्हॉइस नोटवर.

त्या दुपारी तिला म्हटलं, "रोह्याला मावससासूबाईंकडे सासूबाईंचा लाडका सिनेमा पाहिला. नायिका तीन तास रडते, मरत मात्र कुणीच नाही! आणि तू दिलेला तो जॅझ अल्बम? रोज दुपारी लावून बघते, पण सॅक्सोफोनवाला स्टँडवर गाडी चुकल्यासारखा रेंगाळतो."

पाठवून परत ऐकायला लावलं, तर आवाजच येईना. मी वाढवला. अजून वाढवला. मग खालून माझाच आवाज गरजला, "मरत मात्र कुणीच नाही!"

सकाळी भजनासाठी माझा फोन कारखान्यातल्या स्पीकरला ब्लूटूथने जोडला होता, तो तसाच राहिलेला. आणि खाली सासरे मूर्तीचे डोळे आखत होते. तेव्हा आमच्याकडे कुणी शिंकतसुद्धा नाही.

धावत खाली गेले. सासूबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या. "बोलते हाय की गो ही!"

सासऱ्यांचा ब्रश हवेत थांबलेला.

"बाबा, डोळा बिघडला का?"

त्यांनी शांतपणे बुबुळ पुरं केलं. "सिनेमाचं खरं बोललीस. पण त्या वाजवणाऱ्याची गाडी चुकलेली नाय गो. रोज दुपारी तुझ्या खोलीतून ऐकू येतो, त्याच्या सुरांवरच मी डोळे आखतो. त्याला कुठं जायचंच नाय."