विल्बेर बरा आहे, देवाच्या दयेने

नाही, पण मी म्हणते, शपथ घेतल्यावर तरी माणसाने खरं बोलावं की नाही? उजवा हात वर करून, देवाला साक्षी ठेवून, दोन वकील, एक दुभाषी आणि शब्दन् शब्द टाइप करणारी एक बाई, एवढ्या सगळ्यांच्या देखत? आणि समोरच्या वकिलाने विचारलं काय, तर काही वाकडं नाही, काही अडचणीचं नाही... "बाई, तुमचा मुलगा कसा आहे?" बस, एवढंच! आणि माझी आई, माझी सख्खी जन्मदाती आई, मांडीवरची पर्स सावरून, गोड हसून म्हणते, "बरा आहे, देवाच्या दयेने!"

बरा आहे!

तुम्हाला सांगते, मी टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला. तर ती उलट मलाच विचारते, "काय गं शिओमारा, जागा कमी पडतेय का?" आणि दुभाष्याने तेही भाषांतर केलं, आणि त्या टाइप करणाऱ्या बाईने तेही टाइप केलं!

आता तुम्ही म्हणाल, असेल बरा, म्हणून म्हणाली. अहो, कुठला बरा! विल्बेर म्हणजे माझा भाऊ, वय वर्षं नऊ. आम्ही तिघं एका खोलीत राहतो, लॉस एंजेलिसमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, आणि वरच्या मजल्यावरचा नळ गेली चार वर्षं आमच्या भिंतीत गळतोय. भिंत काळी. जमिनीपासून माझ्या खांद्यापर्यंत काळी, आणि हात लावला की मऊ! मालक कंपनीने तीनदा माणूस पाठवला. तिन्ही वेळा त्याने काय केलं? बुरशीवर पांढरा रंग फासला आणि "झालं काम" म्हणून सही घेऊन गेला. चौथ्या आठवड्याला बुरशी रंगातून डोकं वर काढते, आधीपेक्षा टवटवीत! आणि त्या भिंतीला पाय लावून माझा भाऊ झोपतो. दिवसातून चार वेळा दम्याचा पंप. नाताळपासून तीनदा इमर्जन्सी. शाळेत फुटबॉलमध्ये त्याला गोलकीपर करतात, कारण गोलकीपरला धावावं लागत नाही, आणि आमच्या घरी त्याचं कौतुक... "बघा, पोरगा गोलकीपर झाला!"

म्हणून केली केस. मी केली, मीच! मामा म्हणत होता, "कोर्टकचेरी कशाला, डोक्यावर छप्पर आहे ना?" मामाच्या डोक्यावरचं छप्पर कोरडं आहे, त्यामुळे त्याला छपराबद्दल फार आदर. पण मी गेले, वकीलबाई शोधल्या. रोया त्यांचं नाव, इराणी आहेत, पिस्ते सोलत सोलत इतक्या भराभर बोलतात की आपण एक शब्द ऐकेपर्यंत त्या तिसऱ्या कलमावर. मी विचारलं, तारीख कधी मिळेल? म्हणाल्या, साध्या रांगेत दोन वर्षं, कदाचित अडीच.

अडीच वर्षं! त्या भिंतीजवळ! मी टेबलावर हात आपटला, पिस्त्यांची टरफलं उडाली. तेव्हा त्या म्हणाल्या, "थांब. मुलगा चौदाच्या आत आहे ना? मग दुसरी रांग आहे." आणि मला तो कायदा सांगितला. शारीरिक इजेचा दावा असेल, दावा लावणारा चौदा वर्षांच्या आतला असेल, तर कोर्टाने त्याला आधी घ्यायचं. अर्ज मंजूर झाला की एकशे वीस दिवसांच्या आत खटला उभा राहायलाच हवा! का? तर मूल वाट बघत बसत नाही, मूल मोठं होतं. तुम्हाला सांगते, कॉलेजात चार वर्षं मी नागरिकांचे हक्क शिकले, पण मुलाच्या वाढीकडे बघून पाय उचलणारा कायदा मला पहिल्यांदाच भेटला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

एकच अट. दावा खरोखर त्या मुलाचा हवा. मोठ्यांनी नुसतं पोराचं नाव पुढे करून रांग मोडायची नाही. रोयाबाई म्हणाल्या, "त्याची काय काळजी? इजा त्यालाच झालीय. आई येऊन सांगेल."

आई येऊन सांगेल!

त्यांना माझी आई कुठे माहीत होती? तिचं नाव एर्मिनिया, माहेर मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमधलं, आणि तिथली तिच्या वयाची सगळी माणसं एकाच साच्यातून काढलेली. कसे आहात? बरे आहोत, देवाच्या दयेने! दाढ सुजून गालाची पपई झालीय, बरी आहे, देवाच्या दयेने. मामा शिडीवरून पडला, पाय दोन ठिकाणी मोडला, "रिगो कसाय?" "बराय, देवाच्या दयेने!" अहो, इमर्जन्सीत! विल्बेरचे ओठ निळे पडलेले, आईने त्याला उचलून आणलेलं, आणि काउंटरवरची नर्स मान वर न करता विचारते, "कशा आहात?" आणि ही म्हणते... तुम्हीच म्हणा आता! नर्सने आम्हाला मागच्या बाकावर बसायला सांगितलं, अंगठा ठेचलेल्या एका माणसाच्या मागे! मी किंचाळले तेव्हा कुठे दार उघडलं. आणि घरी आल्यावर बोलणी कोणाला? मला! "लोकांसमोर असं ओरडतात का, बाळा?"

तर अशी ही बाई जबानी द्यायला निघाली. निघाली ती हातात चीज घातलेल्या केकचा ट्रे घेऊन. म्हटलं, हा कोणाला? "अगं, त्यांच्या ऑफिसात जायचं, रिकाम्या हाताने कसं जायचं?" आई, तो समोरचा वकील आहे! कंपनीचा! "म्हणून काय, त्याला भूक लागत नाही?" आणि त्या प्रूइटने, त्या समोरच्या वकिलाने, दोन तुकडे खाल्ले, बोटं पुसली, आणि मग अगदी घरच्यासारखं विचारलं, "बाई, तुमचा मुलगा कसा आहे?"

पुढचं मी सांगितलंच.

पंधरा दिवसांनी रोयाबाईंचा फोन. त्या पिस्ते खात नव्हत्या, त्यावरूनच मी ओळखलं. आमच्या घाईच्या तारखेला कंपनीने विरोध केलेला. त्यात लिहिलेलं, पान एकतीस, ओळ चौदा, मुलाच्या आईने शपथेवर सांगितलं आहे की मुलगा बरा आहे. सबब या दाव्यात मुलाचा संबंध नावापुरता आहे, दावा मुळात आईचा, आणि आईने आपली साधी रांग धरावी. दोन वर्षं, कदाचित अडीच! केक खाऊन लिहिलंय हे, केक खाऊन!

रोयाबाई म्हणाल्या, एक मार्ग आहे. जबानीत चुकलेलं उत्तर दुरुस्त करायला तीस दिवस मिळतात. एक कागद असतो, त्यावर पान, ओळ, जुनं उत्तर, नवं उत्तर आणि बदलाचं कारण लिहायचं. खाली सही. आईच्या हाताने.

मी कागद घेऊन घरी आले. आई तव्यावर पुपुसा, म्हणजे चीज भरलेल्या मक्याच्या भाकऱ्या, थापत होती. मी म्हटलं, हात धू, बस, इथे लिही, मुलगा आजारी आहे.

"मी नाही लिहिणार."

म्हटलं, का?

"मी माझ्या हाताने माझ्या लेकराच्या नावापुढे तसलं लिहिणार नाही."

अगं, पण आहे ना तो आजारी!

"असेल. मला माहीत आहे. पण मोठ्याने म्हटलं की ते पक्कं होतं."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले विचारू नका. तुमच्या पिढीने तोंड बंद ठेवून काय मिळवलं, मालकाला बरं, डॉक्टरला बरं, नर्सला बरं, आणि पोरगा घशातून शिट्टी वाजवत श्वास घेतोय! अगं आई, हे जज वाचणार आहेत! आणखी कोण ऐकणार आहे?

तिने तव्यावरची पुपुसा उलटली. शांतपणे. म्हणाली, "बोललेलं फक्त जज ऐकतात असं वाटतं तुला?"

चार वर्षांच्या कॉलेजात यावर एक धडा नव्हता.

मग तिने ती पुपुसा ताटात काढली आणि आपणहून टेबलापाशी आली. पेन घेतलं. त्याआधी भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीचं तोंड फिरवून ठेवलं, खोटं नाही सांगत, त्याने वाचू नये म्हणून! आणि लिहिलं. पान एकतीस, ओळ चौदा. जुनं उत्तर, बरा आहे. नवं उत्तर, बरा नाही. दोनच शब्द, पण पेन असं धरलेलं की कागद खालच्या बाजूने उठून आला. सही केली. पाकीट बंद केलं. मी स्वतः नेऊन दिलं, धावत.

आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय ते मी पाहिलं नाही! मी, जी दुकानाच्या पावतीची मागची बाजूही वाचते, ती! कोर्टात प्रूइट उठला, कागद वर धरला आणि वाचलं, "बदलाचं कारण... मुलीने सांगितलं."

मुलीने सांगितलं!

तुम्हाला सांगते, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. प्रूइट तर काय, फुललाच. "जजबाई, बघा, बाईंचं स्वतःचं उत्तर शपथेवर आहे आणि दुसरं उत्तर मुलीचं आहे." रोयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आई प्रूइटकडे बघून मान डोलावत होती, म्हणजे, हो, बरोबर वाचलंत.

जज ओकिमोतो, पांढरे केस, चष्मा नाकावर. त्यांनी आईला उभं केलं. आणि पहिला प्रश्न काय? "बाई, कशा आहात?"

मी डोळे मिटले.

"बरी आहे, देवाच्या दयेने."

"आणि मुलगा?"

"तोही बरा आहे, देवाच्या दयेने."

प्रूइट खाली बसला, हो, काम झाल्यासारखा खाली बसला! पण जजबाई थांबल्या नाहीत. म्हणाल्या, पंप किती वेळा घेतो? "चार." इमर्जन्सीत किती वेळा नेलं? "नाताळपासून तीनदा. ऑगस्टमध्ये एकदा, पण ते मोजत नाही, तेव्हा सकाळपर्यंत सोडलं." तुम्ही कुठे झोपता? "त्याच्या शेजारी." झोप लागते? आणि आई म्हणाली, "हात त्याच्या पाठीवर ठेवते. पाठ हलत असली की झोपते." भिंत कुठपर्यंत काळी आहे? आईने खांद्याला हात लावून दाखवलं, दुभाष्यानेही तसाच हात लावला, आणि ते कसं टाइप करायचं म्हणून कोर्टातली टाइप करणारी बाई थांबली.

"आणि मुलगा बरा आहे?"

"हो, देवाच्या दयेने."

जजबाई प्रूइटकडे वळल्या. म्हणाल्या, "वकीलसाहेब, माझी आजीही असंच बोलायची. ती मरायच्या सकाळीसुद्धा बरी होती. अर्ज मंजूर."

मिळाली तारीख! त्या दिवसापासून एकशे सतरावा दिवस! साध्या रांगेतली माणसं अडीच वर्षं, आम्ही एकशे सतरा दिवस! आई दुभाष्यामार्फत जजबाईंना म्हणाली, "तुम्हाला त्रास दिला, माफ करा." मी बाहेर येऊन रोयाबाईंना मिठी मारली, नाचायचीच बाकी होते.

आणि आई त्यांना विचारते, "मग आता भिंत साफ करू ना? चांगली घासून काढते."

"नाही!" रोयाबाई ओरडल्याच. "अजिबात नाही! कंपनीचा तज्ज्ञ येऊन नमुने घेईल, मग आपला घेईल, मग कदाचित दोघं मिळून येतील. तोपर्यंत ब्लीच नाही, रंग नाही, ओलं फडकंसुद्धा नाही. ती भिंत आता पुरावा आहे."

मी म्हटलं, आणि विल्बेर?

म्हणाल्या, "त्याला जरा लांब झोपवा."

लांब! एका खोलीत लांब! तो आता दारापाशी झोपतो, आई त्याच्या पाठीवर हात ठेवून, आणि मी अर्धी स्वयंपाकाच्या ओट्याखाली. दुसरीकडे जायचं म्हटलं तर तेवढ्या भाड्यात या शहरात फक्त बस थांबा मिळतो. माझी आई हॉटेलात रोज चौदा बाथरूम घासते, चौदा, अशी की फरशीत तोंड दिसावं, आणि घरी येऊन त्या भिंतीसमोर हात मागे बांधून उभी राहते. परवा मी आले तर हातात फडकं! ओलं! आणि मी, जी चार वर्षं सगळ्यांशी भांडत होते की ही भिंत साफ करा, मीच धावले आणि ओरडले, "हात लावू नकोस!" तिने फडकं पिळलं आणि वाळत घातलं.

तेव्हा सध्या मी बुरशीची राखण करते. पाहुण्यांना तिकडे टेकू देत नाही. आठवड्याला फोटो काढून पाठवते. काल रोयाबाईंनी विचारलं, तारखेपर्यंत टिकेल ना?

म्हटलं, बुरशीची मला मुळीच काळजी नाही.