दोन मिंटाची वायर

...आनि वर हसतोय हो त्यो! तुमास्नी सांगतो, त्या मोबाइलच्या व्हिडिओतला गडी, दात काढून म्हनतोय, ‘दोस्तों, इयरफोन की वायर घर पे बदलो, सिर्फ दो मिनट में!’ दोन मिंटात! शनवारी सकाळी न्याहारी करून मी जो बसलो त्यो ऐतवारी धाला पाच कमी असताना उठलो, मानेत लचक भरली, बोटाला टपोरा फोड आला, घरातली चहाची गाळणी कामातनं गेली... आनि म्हनं दोन मिंटाचं काम!

आता तुमी म्हनाल, आण्णा, नवा का न्हाई घेटला? आमची कारभारीन रंगूबाई बी तेच म्हनली. ‘आवं, उंब्रजच्या बाजारात ढीग पडलाय, जावा की, घिऊन या.’ पन मी हंबीरराव, तोफखान्यातनं हवालदार म्हनून रिटायर झालेला मानूस, बावीस वर्सं तोफा सांभाळल्या, आनि आता दोऱ्याएवढ्या वायरीम्होरं हात टेकू? आनि दुसरं म्हंजे ह्यो इयरफोन आमच्या वीरधवलनं आनलेला. वीरधवल म्हंजे आमचा ल्योक, त्यो बी फौजेत, लडाखला हाय, चौदा म्हयनं झालं घरी आला न्हाई. दर ऐतवारी धाला त्याचा फोन. आनि आमचा मोबाइल म्हशीच्या हौदात पडल्यापास्नं त्याच्या स्पीकरातनं नुसतं घळाघळा ऐकू येतं, म्हनून इयरफोनचं एक बोंड हिच्या कानात, एक माझ्या कानात, आसं डोक्याला डोकं लावून आमी दोघं पोराचं बोलनं ऐकतो. शेजारी हसत्यात. हसू द्या! तर गेल्या ऐतवारी पोरगं म्हनलं, ‘आण्णा, सुट्टीचा अर्ज टाकलाय, म्होरच्या ऐतवारी सांगतो मिळाली का न्हाई.’ झालं! त्या दिसापास्नं हिचं कशात ध्यान न्हाई. शुक्रवारी शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवत बसली, इयरफोन पडलेला मांडीवर, आनि... खटाखटा खटाखटा! वायर शिवली की हो ब्लाऊजच्या बाहीत! चार टाकं! मला म्हनती, ‘आवं, सुई का जड चालती बघा जरा.’

गेलो रमजानकडं. रमजान माझा शाळंतला दोस्त, स्टँडाजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान हाय त्याचं. वायर बघितली, नाकावरचा चष्मा वर केला, ‘हंबीर, जोडून उपेग न्हाई, सगळी वायरच बदलाय लागंल. ठिव हितं, मंगळवारी देतो.’ मंगळवारी? आरं, फोन ऐतवारी! म्हनलं, मला दे वायर, मी बदलतो, आत्ताच व्हिडिओ बघितलाय, दोन मिंटाचं काम! रमजाननं माझ्याकडं आसं बघितलं, डाक्टर बघतो बघा पेशंटच्या नातेवाइकाकडं. मंग दुसऱ्या इयरफोनची माइकसकट वायर दिली, डाग द्यायची, म्हंजे सोल्डरिंगची, सळई दिली, कथलाची तार दिली, आनि म्हनला, ‘तोफंची वायर मनगटाएवढी असती गड्या. ही केसाएवढी हाय.’

केसाएवढी? आवं, केस बरा! केस दिसतो तरी!

बसलो वट्ट्यावर. पयलं बोंड उघडायचं. त्यो गडी नखानं टचकन उघडतो. म्या नख लावलं, नख मोडलं. चमचा लावला, वाकला. मंग सुरी घातली, आनि फाटदिशी आसं उघडलं की आतली जाळी, ती नखाएवढी गोल जाळी वो, उडाली ती कुठं गेली ते आजपातूर कळलं न्हाई. ही खराटा घिऊन आली, ‘काय शोधताय?’ म्हनलं काय न्हाई, मुंगी. आता जाळीबिगर कसं व्हायचं? इकडं बघितलं, तिकडं बघितलं, गाळणी दिसली. कापली! बरोबर बसली हो! फकस्त त्या दिसापास्नं आमच्यात चहा चावून प्यावा लागतो.

मंग वायर सोलली. आत तीन तारा. एक तांबडी, एक हिरवी, एक पिवळी. आनि त्यांच्यावर कसलासा रंगाचा लेप आसतो म्हनं, त्यो जाळल्याबिगर डाग बसत न्हाई. हे त्या व्हिडिओवाल्यानं सांगितलं का? न्हाई! त्यो हसत व्हता! मी तासभर डाग देतोय, कथील गोळी हून घरंगळतंय, एक गोळी धोतरावर, एक बोटावर. श्येवटी रमजानकडं सायकल हानली. ‘आरं, काडीपेटीनं जाळ की आधी!’ परत आलो, काडी लावली, निम्मी वायरच जळाली. पुना सोल. पुना जाळ. आनि बसला गड्यांनो डाग! आसा चकाकला, मला वाटलं ह्याला पदक द्यावं. हिला हाक मारली, म्हनलं ये, बघ, काय म्हनलो व्हतो मी, दोन मिंटाचं काम!

ही वाकली, बारकाईनं बघितलं, आनि म्हनली, ‘झ्याक झालंय. पन हे टोपान वायरीत वरनं कसं घालनार?’

...

आवं, बोंडाचं मागलं टोपान! ते वायरीत आधी ववायचं, मंग डाग द्यायचा! आता काढ डाग, वव टोपान, पुना जाळ, पुना डाग. आनि दुसरं बोंड घेटलं तवा... हसू नगा. दुसऱ्या येळंला बी इसरलो.

ऐतवारी नवाला लावलं मोबाइलला, गानं लावलं. तबला हाय, पेटी हाय, टाळ्या बी हायत्या, पन गानारी बाईच न्हाई! ही म्हनती, ‘बाई कुठं गेली वो?’ म्हनलं, माझं डाग द्यायचं काम बघून पळाली! त्यातली एक तार ढिली व्हती. पुना उघडलं, दाबून डाग दिला, बाई आली परत, पन उजव्या बोंडाचा जीव गेला. आनि तेवढ्यात... धा! फोन!

एकच बोंड जितं. सांगा, कुनी घ्यायचं? मी हात म्होरं करतोय तवर हिनं कानात घातलं बी!

‘हां वीर! ...व्हय. ...व्हय. ...आगं बया!’

म्हनलं, काय? काय म्हनतोय? तर ही हात वर करती, थांबा! ‘...व्हय रं बाळा. ...कवा?’ कवा म्हंजे? काय कवा? ‘...आसं व्हय.’ आवं, आसं म्हंजे कसं? ह्या बाईच्या तोंडाकडं बघून वळखावं तर हिच्या डोळ्यात पानी, आता ते सुट्टी मिळाली म्हनून का मिळाली न्हाई म्हनून, हे कुनी सांगायचं? माझ्या छातीत लेझीम सुरू! तोफंम्होरं बी आसं झालं नव्हतं. मी मेलेलं बोंड कानात कोंबून बसलोय, वाटतंय काय तरी पाझरंल त्यातनं...

श्येवटी पदरानं डोळं पुसलं, माझ्याकडं वळली, आनि म्हनली, ‘येतोय. बेस्तरवारी. वीस दिस.’

उठलो, म्हशीला उगंच पेंडी टाकून आलो, तिच्याम्होरं आधीच दोन व्हत्या. परत आल्यावर हिनं ते बोंड माझ्या कानात घातलं. म्हनलं, ‘वीर, वायर मी बदलली रं! घरी!’

पलीकडनं पोरगं हसलं. ‘वळखलं आण्णा. तुमचा आवाज विहिरीतनं आल्यागत यायलाय. आता काय उघडू नगा, मी येताना बिनवायरचा घिऊन येतो.’

बिनवायरचा! आता तुमीच सांगा, वायरच न्हाई, तर बिघडल्यावर शान्या मानसानं घरी बसून बदलायचं तरी काय?