होडी मीच नेली, साहेब

मी पनवेलच्या खाडीवरची कोळ्याची पोर, बापूस जाळी टाकायचा, आयस टोपली घेऊन बाजारात बसायची, आमी सात भावंडं, मी दुसरी. आन् काय सांगू तुमाला, बारा वर्सांची व्हते तवा बापसानं माजं लगीन ठरवलं, कोणाशी, तर उरणच्या एका बिजवराशी, बापसाच्याच वयाचा! तो बोलणी करायला आला, होडी बांधून वर आमच्या घरात जेवायला बसला, आन् मी त्याचीच होडी सोडली, मारली वल्ही! कुठं चालले व्हते मनाच ठावं नाय, नुसती चालले व्हते. पण ओहोटी लागली, होडी चिखलात रुतली, आन् त्यानं पोलिसांत वर्दी दिली, पोरीनं होडी चोरली.

मग पोरांच्या कोर्टात हुबी केली. माज्या आदी दोन पोरं व्हती, दुकान फोडलेली, त्यांना कोर्टाच्या साहेबांनी दम दिला, बोलले जावा घरी. मग मी. बिजवर बोलला, साहेब, लगीन लावून द्या, माजी तक्रार नाय. साहेबांनी इचारलं, वय काय हिचं? बापूस हात जोडून बोलला, पंधरा. तवा कायद्यानं पोरीच्या लग्नाला तेवढंच वय लागायचं. मी वरडले, साहेब, माजा थोरला भाऊस चौदाचा हाय, मंग मी त्याच्या आदी कशी जन्मले! आवं, सगळं कोर्ट हसलं, शिपाई पण! कोर्टाकडून पोरांची चौकशी करणाऱ्या एक रिबकाबाई व्हत्या, बेने इस्रायली, म्हंजे कोकणातल्या यहुदी, आपल्यासारकंच मराठी बोलायच्या, त्या उठल्या, बोलल्या, भावाचा शाळेचा दाखला मी आणलाय. मना जोर आला. बोलले, होडी मीच नेली, साहेब, काय ती शिक्षा द्या, पण मना याला देऊ नका!

साहेबांनी लिवलं, सोळाची होईतो मुलींच्या सुधारगृहात ठेवा. मी टाळ्या पिटल्या! रडल्या त्या रिबकाबाई, मना कळंना का. आत गेल्यावर कळलं. केस भादरले, दाराला कुलूप, चार वर्सं पापड लाटले. दुकान फोडणारी पोरं घरी, आन् मी कुलपात, याचा राग अजून हाय, खोटं कशाला बोलू.

पण सुटले, लग्नाला मालक मीच पसंत केला, आन् ऐका तर, परवा माजी लेक सातवीची परीक्षा पास झाली! तेरा वर्सांची हाय. आख्ख्या आळीत साखर वाटली. स्थळं येतात, मी उंबऱ्यावरूनच वाटंला लावते. म्हातारा बापूस आला, तिच्या डोक्यावर हात ठेवून बोलला, शिक गो बाय. एकवीरा आय तिला लय शिकवो, आन् तुमच्या लेकींना पण.