राहिलेली पानं

लढाईला चौथं वर्ष लागलं होतं. बेळगावच्या पोस्टाची खिडकी अजून उघडली नव्हती आणि पत्र आलंय का विचारायला आलेल्यांची रांग पायरीपर्यंत गेली होती. शाळेत शिकवणाऱ्या इंदुताईंच्या पुढं कंग्राळीच्या दोघी होत्या, तरणी मनुबाई आणि तिची शेजारीण गुणाक्का. त्यांचं बोलणं न ऐकायचं म्हटलं तरी कानावर येत होतं.

"आक्का, त्ये पुस्तक मी सोडलं बगा."

"भरमू पलटणीत जाताना दिऊन गेलता, त्ये?"

"व्हय. लई रटाळ हाय. त्यो राजपुत्र झाडाखाली बसून तीन पानं नुसतं उसासं टाकतोय. माणूस हाय का लोहाराचा भाता?"

"मग सोड की."

"पोथीगत दोष लागत न्हाय न्हवं, अर्ध्यात सोडलं तर?"

"गोष्टीच्या पुस्तकाला कसला दोष, मनू?"

"नक्की न्हवं?"

"किती डाव इचारशील गं?"

"ह्येनी म्हणालते, अक्षरं इसरशील, रोज थोडं थोडं वाचत जा. पुस्तक संपायच्या आत मी येतो."

"आन् आता किती राहिलंय?"

"चार पानं."

तेवढ्यात आतून कडी वाजली आणि खिडकी उघडली.

"सर म्होरं, मनू. तुजाच नंबर हाय."

"तुमी व्हा आक्का. मी थांबतो मागं."

ती बाजूला सरली आणि इंदुताईंकडं वळली.

"बाई, तुमी बी व्हा म्होरं. मला काय घाई न्हाय."