काकूंचा सोमवार

नाही, पण मला एक सांगा, सोमवारी सकाळी माणसानं मटकीला फोडणी द्यावी का? आणि द्यायचीच तर दार तरी लावून घ्यावं की नाही? समोरासमोर दारं आमची, मध्ये एवढासा जिना. लसूण, कढीपत्ता, वरून गोडा मसाला... आणि इकडे मी वरीच्या भाताकडे बघत बसलेली! तुम्हाला सांगते, भातसुद्धा माझ्याकडे असा बघतो, जसं काही त्यालाच माझ्याबरोबर बसायची शिक्षा झालीय.

फोडणी देणारी कोण, तर प्रेमलाकाकू. सत्तरीच्या. बिबवेवाडीतली आमची सोसायटी जुनी, तिसरा मजला, लिफ्टचं नाव काढायचं नाही. काकूंचा मुलगा अभिनव, सून भाग्यश्री, दोघं आयटीत, वाघोलीला अकराव्या मजल्यावर राहतात. काकू इथं एकट्या. एकट्या म्हणजे काय, मी आहे ना समोर! आता मी काही चौकशा करणारी बाई नव्हे. वाटी परत करायला जाते, एवढंच. वाटी रिकामी कशी द्यायची, म्हणून काहीतरी घालून देते, मग ती भरून परत येते, मग ती मला द्यायला जावं लागतं... तेवढ्यात कानावर पडतं ते पडतं. मला काय करायचंय दुसऱ्यांच्या घरात!

तर काकूंचा नेम असा, की दर बुधवारी बसनं मंडईत जायचं. भाजी काय आमच्या दारात येत नाही? गाडी येते की! पण काकू म्हणणार, "शैला, ती भाजी नव्हे, तो पाला." अशा काकू गेल्या उन्हाळ्यात निघाल्या, बस आली, दांडा धरला, पाय उचलला... आणि तो वर जाईचना हो! कंडक्टर म्हणाला, "आजी, आधी ठरवा, मग हात करा." डबल बेल. गेली बस. काकू रिकामी पिशवी घेऊन परत. मला जिन्यात म्हणतात कशा, "हल्ली बसेस उंच केल्यात."

मी फक्त अभिनवला फोन केला.

रविवारी तो हजर. "आई, बास झालं. हा फ्लॅट विकू. आमच्याकडे लिफ्ट आहे, क्लब हाऊस आहे, सीनियर सिटिझन्स कॉर्नर आहे!" काकू म्हणाल्या, "कोपऱ्यात बसायला एवढ्या लांब कशाला येऊ? कोपरे इथंही आहेत." शेवटी मायलेकांचं ठरलं. दिवाळीपर्यंत काकू आपल्या पायानं बस चढल्या तर इथं राहतील, नाहीतर सामान बांधायचं. काकू गेल्या तर वाटी कुणाला देऊ मी? वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या पोरांना? ती तर डब्यातून खातात आणि डबाही धुवत नाहीत. म्हणजे असं दिसतं जाता-येता. मला काय करायचंय!

अभिनवनं प्रोटीन पावडरचा हा एवढा डबा आणला. त्यावर एक बाप्या, उघडाबंब, दंड फुगवून उभा. काकूंनी डब्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. "परक्या माणसासमोर स्वयंपाक कसा करायचा गं?" मग पुढच्या रविवारी अभिनव-भाग्यश्रीबरोबर निशा नावाची मुलगी आली, आहार आणि व्यायाम दोन्ही सांगणारी. म्हणाली, "आजी, हात न टेकता खुर्चीवरून उठून दाखवा." काकू पुढं झुकल्या, अर्ध्या उठल्या, थरथरल्या आणि धप्पकन परत बसल्या. मी वाटी घेऊन दारातच होते.

निशा म्हणाली, "स्नायू कमी झालेत. रोज व्यायाम आणि रोज डाळी-उसळी."

"अंडं सांगू नकोस हं."

"नाही सांगत. शाकाहारात भागतं. दूध, दही, दाणे?"

"दूध पचत नाही, दह्यानं घसा धरतो, दाण्यानं पित्त होतं."

"मग आठवड्यात उसळ कधी खाता?"

काकूंनी बोटं मोजली. सोमवारचा उपास अभिनवच्या नोकरीसाठी, मंदी आली तेव्हा धरलेला. गुरुवार भाग्यश्रीच्या व्हिसासाठी. शनिवार काकांच्या साडेसातीसाठी. अहो, काका जाऊन किती वर्षं झाली! तर म्हणाल्या, "ते गेले, पण साडेसाती पुरी व्हायची होती ना त्यांची." दोन्ही एकादश्या, शिवाय चतुर्थी सासूबाईंनी जाताना हातात दिलेली. मधल्या दिवशी कडधान्य भिजत घालायचं राहून जातं, आणि रात्री एकटीपुरती कोण डाळ शिजवतं, म्हणून दूध घातलेला चहा आणि पोळी.

"मंगळवारी खाते उसळ," काकू म्हणाल्या. "अंगारकी नसली तर."

अभिनव उसळला. "आई, कुठल्या काळात राहतेस? सोड हे सगळं!"

काकू शांतपणे म्हणाल्या, "बरं. कुणाचा सोडू? तुझा?"

तुम्हाला सांगते, एवढा कॉम्प्युटरवाला माणूस, पण असा हँग झालेला मी कधी बघितला नव्हता! "म्हणजे... माझा विश्वास नाहीच आहे गं. फक्त अप्रेझल होऊन जाऊ दे. एप्रिलनंतर सोड." मग सगळ्यांनी भाग्यश्रीकडे बघितलं. ती म्हणाली, "माझं स्टॅम्पिंग बाकी आहे, आई. आणि मी ऑलरेडी इंटरमिटंट फास्टिंग करते." काकूंचे डोळे लकाकले. "अगं, मग तेच गुरुवारी देवाच्या नावानं कर की!" तर म्हणे, "नाही, ते फॅट लॉससाठी आहे, त्यात दुसरं काही घालायचं नसतं."

काकू हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "पाय माझे आहेत रे, आणि उपास तुमचे. असू दे. येते मी वाघोलीला."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं हो! "काकू, सोमवार मला द्या!"

आमचे हे नेहमी म्हणतात, तुझ्या तोंडाला दार बसवून घे. पण काकू लगेच उठल्या. हात टेकूनच उठल्या, पण उठल्या. सासूबाईंनी चतुर्थी दिली होती तसाच, पळीभर पाणी सोडून सोमवार माझ्या हातावर दिला. ते बघून भाग्यश्रीला काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाली, "गुरुवार मी बघते." आणि शनिवारचं काकूंनी काकांच्या फोटोसमोर उभं राहून सांगितलं, "तुमचं तुम्ही बघा आता."

झालं! मूग, मटकी, चवळी, रोज काहीतरी भिजतंय, रोज काहीतरी शिजतंय. रोज सकाळी समोरच्या घरातून खुर्ची करकरायची. काकू उठतायत, बसतायत, उठतायत, बसतायत. श्रावण गेला, गणपती गेले. दिवाळीच्या आधीच्या बुधवारी मी सहज स्टॉपवर उभी होते, सहजच. बस आली. काकूंनी दांडा धरला, पाय उचलला आणि चढल्या की! कंडक्टर म्हणाला, "आजी, सावकाश." काकू म्हणाल्या, "तुम्ही सावकाश, मला पावटे आणायचेत." बस वळेपर्यंत मी हात हलवत होते. ही बाई हात कुणाला करतेय, म्हणून लोक बघत होते.

तर काकू राहिल्या. अभिनवचं अप्रेझलही झालं, झकास झालं. मी म्हटलं, सुटले! फोन केला तर म्हणतो, "मावशी, प्लीज, आता परदेशात ऑनसाइट जायचं चाललंय. थांबवू नका." आई बदलली तरी उपास तोच, बघा! आणि माझं म्हणाल तर सोमवारची साबुदाण्याची खिचडी मंगळवारपर्यंत घशाशी, जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच बसावंसं वाटतं. परवा बसले, तर वरून निशा उतरत होती. म्हणाली, "मावशी, हात न टेकता उठून दाखवा बघू."

आता काय सांगू...

आत्ताच काकू डोकावून गेल्या. "शैला, मटकी छान झालीय, पण तुझा सोमवार ना! वाटी उद्या देते हं." माझा सोमवार!

जाऊ दे. चालायचंच. बरं, तुमच्याकडे सोमवारी काय असतं हो जेवायला? नाही, सहज विचारलं. मला काय करायचंय दुसऱ्यांच्या घरात!