एक टण्ण म्हणजे तोफ

…मान हलवू नका, कोचसाहेब, कानात पीस आहे! तुम्ही नुसतं ऐका. माझा योंगलिन ऐनवेळी कच खातो का, हेच विचारायला आलात ना? नाहीतर प्रांताच्या चिनी बुद्धिबळ संघाचा कोच माझ्याकडं कान कोरून घ्यायला कशाला येईल! नाही खात. संघात घ्या डोळे मिटून. आता रविवारच्या अंतिम डावाचं म्हणाल तर — हो, चुकला, ढळढळीत चुकला. इथंच, ह्या चहाच्या दुकानात, त्या खिडकीपाशी. समोर तो गोउ, त्याचा सेनापती त्याच्याच दोन रक्षकांच्या मध्ये अडकलेला. योंगलिनची एक तोफ मधल्या रेघेवर तयार, दुसरी फक्त तिच्या मागं आणून ठेवायची — पुढचीवरून उडी घेऊन मागची मारते, खेळ खलास! शेंबडं पोरसुद्धा खेळेल ती चाल. आणि आमच्या चिरंजीवांनी काय केलं? रथ मागं घेतला! रथ! पुढच्या अकरा चालींत हरला. लोक हसले हो. चहावालीसुद्धा हसली, जिला घोडा कसा चालतो ते ठाऊक नाही.

घाबरला नाही, सांगतोय ना! पंचवीस मिनिटं विचार करत बसला होता, हातसुद्धा निघाला होता तोफेकडं, इतक्यात चिमटा वाजला आणि — कुठला चिमटा म्हणजे? हाच की. कान कोरणाऱ्याचा चिमटा दिवसभर वाजतो, त्याशिवाय गिऱ्हाईक कसं यायचं? टण्ण केलं, झालं. एकदाच. दोनदा वाजवला असता तर घोडा, पण मी एकदाच —

हलू नका म्हटलं ना! रक्त येईल.

बरं, ऐका. लहान होता तेव्हापासूनचं आहे ते. इथल्याच टेबलांवर, गमतीच्या डावांत. एक टण्ण म्हणजे तोफ, दोन म्हणजे घोडा. बघणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही हे काय मला कळत नाही? पण तोंड उघडलंय कुणी? स्पर्धेत कधीच नाही, आईशप्पथ — बरं, एकदा. दोनदा. मागच्या वर्षी त्यानंच बंद केलं. रविवारी सकाळी पेज पिता पिता म्हणाला, "बाबा, आज चिमटा खिशात राहू दे." ठेवला होता हो खिशात! पण पंचवीस मिनिटं? मला वाटलं, ह्याला दिसतच नाहीये. बापाचा जीव, राहवेना. आणि मी वाजवला तर ह्यानं मुद्दाम रथ मागं घेतला, माझं ऐकायचं नाही म्हणून! तीन दिवस बोलत नाही माझ्याशी. नाही तर नाही, मीही नाही बोलत. अहवालात हट्टी म्हणून लिहा हवं तर, भित्रा नका लिहू. चाल दिसलीच नव्हती त्याला, म्हणून —

थांबा हं. त्याच्या आधी घोडा दिला होता त्यानं. फुकट. गोउचा रथ तो खायला कोपऱ्यात गेला. रथ जागेवर असता तर मधली तोफ मारली असती त्यानं… मग घोडा उगाच कोण देईल? त्या चालीसाठीच दिला. म्हणजे दिसलं होतं त्याला. माझ्याही आधी. पंचवीस मिनिटं तो नुसती खात्री करत होता. बोट तोफेला टेकायला तांदळाच्या दाण्याएवढं अंतर — टेकलं असतं तर नियमानं तीच चालावी लागली असती, कुणाची काय बिशाद होती बोलायची? आणि नेमकं तेव्हा मी टण्ण केलं. मग ती चाल त्याची कुठं राहिली? माझी झाली. ती कशी खेळणार होता तो! माझ्या पोराचा हात मी धरला, कोचसाहेब, भरल्या दुकानात. आणि वर तीन दिवस मीच रुसून बसलोय.

हे लिहिलंत तर त्याची आजवरची सगळी बक्षिसं लोक चिमट्याच्या नावावर टाकतील. नाही लिहिलंत तर सोपी चाल न दिसलेला म्हणून तो कायमचा बाद. राहिली का एक तरी चाल? नको, बोलू नका काही. झाला कान. उठा — आणि मागच्या दारानं जा. तो पुढं बसलाय, तुम्हाला बघून त्याला उगाच आशा वाटेल.